एकाच वळणाच्या सह्या

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. वास आला होता. ओली लाकडं घातलेली चूल कुणीतरी अर्धवट विझवून निघून गेल्यावर येतो तसा. समुद्रापलीकडे कुठेतरी दलदलीची जमीन पेटते, आठवडेच्या आठवडे आतल्या आत धुमसत राहते, आणि वारा फिरला की तो सगळा धूर आमच्या सेरंगूनच्या चौदाव्या मजल्यावर मुक्कामाला येतो. इथे त्याला हेझ म्हणतात. सिंगापूरला ऋतूच नाहीत, बारा महिने एकच हवा, असं पुण्याचे नातेवाईक मला गेली वीस वर्षं ऐकवताहेत. मी वाद घालत नाही. आम्हाला हा एक धुराचा ऋतू आहे आणि तो मला पुरतो.

"आई, विंडो क्लोज कर लाह! स्मेल येतोय," लेक इथल्या बोलीतलं 'लाह' शेपटीला लावून आतून ओरडली. मग फोनमध्ये बघून तिने हवा 'मॉडरेट' असल्याचं जाहीर केलं. फोनमधल्या आकड्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी मोजणी वेगळी आहे. समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवर त्याचा नंबर माणसाच्या उंचीएवढा रंगवलेला आहे. तो स्वच्छ दिसला तर खिडकी उघडायची, कडा पुसट झाल्या तर मास्क घालायचा, आणि नंबरच दिसेनासा झाला तर कुणी काहीही सांगो, घराबाहेर पडायचं नाही. आज कडा पुसट होत्या.

"तुझा कुणावर तरी विश्वास आहे का गं?" नवऱ्याने चहाचा कप घेता घेता विचारलं. तो तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात इंजिनिअर आहे, आणि जगातली सगळी यंत्रं आणि बहुतेक माणसं ठीकठाक चालतात अशी त्याची समजूत आहे. "देवळातल्या दानपेटीत पैसे टाकलेस तरी पावतीची वाट बघत उभी राहशील."

त्याचं म्हणणं खोटं नाही. दहा वर्षं मी इथल्या एका बँकेत बसून खातेदार खरे आहेत का हे तपासत होते. कागद खरा का, पत्ता खरा का, समोरचा हसतोय तो का हसतोय. संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा, आणि पगाराच्या कामाची सवय घरी यायला वेळ लागत नाही. इथल्या हॉकर सेंटरमध्ये लोक रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला निघून जातात. टेबल अडवलं, असा त्याचा अर्थ. कुणी फोन ठेवतं, कुणी छत्री, एकदा तर एका बाईंनी पर्स ठेवलेली मी पाहिली. वीस वर्षांत मी एकदाही टिश्यूच्या भरवशावर टेबल सोडलेलं नाही. नवरा रांगेत उभा राहतो आणि मी टेबलाला चिकटून बसते.

बँक सोडल्यावर मी एका फाउंडेशनमध्ये लागले. एका जुन्या, श्रीमंत कुटुंबाचं फाउंडेशन. नाव सांगत नाही. त्यांना बोलबाला आवडत नाही आणि मला नोकरी हवी आहे. आसपासच्या देशांतल्या छोट्या संस्थांना ते अनुदान देतं. गावाचा कारभार, शिक्षण आणि पर्यावरण, या तीन कामांसाठी. ऑफिस जुरोंग ईस्टला, मॉलच्या डोक्यावरच्या एका मजल्यावर. अर्ज सप्टेंबरात येतात, म्हणजे नेमके धुराच्या मागोमाग. त्यामुळे हे दोन मोसम माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. अर्जांची फाइल उघडली की नाकाशी काहीतरी जळकं येतं, आणि हवेत धूर आला की मला काही सह्या आठवतात.

ज्यांनी अनुदानाचे अर्ज कधी वाचले नाहीत ते सुखी आहेत. अर्जांतल्या फोटोंत सगळ्या बायका हसतात. मुलं एका रांगेत बसून पुस्तकं उघडतात आणि पुस्तकाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. वृक्षारोपणाच्या फोटोत एका वीतभर रोपाला सात जणांचे हात लागलेले असतात; त्या रोपाचं पुढे काय झालं, हे एकाही अर्जात लिहिलेलं नसतं. कारभाराच्या अर्जात सगळं पारदर्शक असतं, शिक्षणाच्या अर्जात सगळं आनंददायी. एकदा एका संस्थेच्या अर्जात नवव्या पानावर दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलं होतं. दोन्ही संस्थांनी कुणा तिसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला होता, हे शोधायला मला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस फार मजेत गेले.

मी फोटोंतल्या सावल्या बघायची. 'सकाळची प्रभातफेरी' म्हणून लिहिलेल्या फोटोत सावली संध्याकाळची असायची. भिंतीवरचं कॅलेंडर मोठं करून महिना बघायची. मागच्या झाडाची पानं बघायची, कारण उन्हाळ्यातली सभा आणि पावसाळ्यातली सभा एकाच पानांखाली कशी होईल? आमच्या प्रमुख मिस लिम. बुटक्या, नीटनेटक्या, स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणाऱ्या. त्या म्हणायच्या, "वासंती, यू स्मेल, आय साइन." माझं नाक, त्यांची सही. मला ते कौतुक वाटायचं. आवडायचंही.

काही वर्षांपूर्वीचा तो मोसम मात्र मला जसाच्या तसा आठवतो. त्या वर्षी धूर फार होता. जुरोंग ईस्टच्या स्टेशनवर उतरलं की समोरचा मॉल दिसायचा नाही, नुसता त्याच्या पाट्यांचा लाल-निळा उजेड दिसायचा. सगळे मास्कमध्ये. माणसांचे फक्त डोळे दिसत, आणि नुसते डोळे बघितले की सगळीच माणसं काहीतरी लपवताहेत असं मला तरी वाटतं. ऑफिसात हवा शुद्ध करणारं यंत्र दिवसभर घुरघुरायचं. त्या घुरघुरीत माझ्या टेबलावर एक अर्ज आला, त्याला मराठी कागद जोडलेले होते.

कोल्हापूरच्या दक्षिणेला डोंगरांत एक गाव. तिथल्या गुरवबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातल्या बायकांचा वर्ग घ्यायच्या. लिहायला-वाचायला शिकायचं, आणि मग त्या शिकण्याचा उपयोग ग्रामसभेत जाऊन तोंड उघडण्यासाठी करायचा. तोंड उघडायला कारणही होतं. गावाच्या वर डोंगरात एक झरा होता, बारमाही. त्याच्या वरच्या अंगाला दगडखाण निघणार होती. महिलांच्या ग्रामसभेने खाण नको असा ठराव केला होता. त्या ठरावाखाली, आयुष्यात पहिल्यांदा, अंगठे न उठवता बायकांनी सह्या केल्या होत्या. त्या सह्यांची प्रत अर्जाला जोडलेली होती. इंग्रजी अर्ज बाईंच्या भाच्याने लिहिला होता, चुकांसकट. मागणी साधी होती: शेजारच्या वाड्यांसाठी आणखी दोन शिक्षिका, वर्गाच्या खोलीवर पत्रे, आणि बायकांना चाळिशीचे चष्मे.

वाचताना मी जरा विरघळले. कारभार, शिक्षण, पर्यावरण, तिन्ही एका अर्जात, आणि हसणाऱ्या बाईचा एकही फोटो नाही. पण विरघळलं की माझं मलाच सावध वाटायला लागतं. आपल्याला हवं तेच नेमकं कुणी का लिहिलंय, असं म्हणत मी सह्यांचं पान पुन्हा काढलं आणि पडद्यावर मोठं केलं.

सगळ्या सह्या एका हातच्या होत्या.

अंदाज नव्हता तो, मी एकेक अक्षर तपासलं. पारूबाई, हौसाबाई, आनंदीबाई, तीसएक बायका. प्रत्येकीचं 'बाई' अगदी तस्संच, 'ब'चं तेच पोट, 'ई'ची तीच शेपटी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शिरोरेषा. आपण अक्षरांवरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. इथे शाई उजवीकडे जाड होती आणि डावीकडे निमुळती होत गेली होती. प्रत्येक नावावर रेघ उजवीकडून डावीकडे आली होती. अशी रेघ डावखुरा माणूस ओढतो. आता एखाद्या गावातल्या झाडून सगळ्या बायका डावखुऱ्या कशा असतील? एका डावखुऱ्या माणसाने दुपारी निवांत बसून तीस नावं लिहून काढली होती, दुसरं काय!

मला आनंद झाला. लपवत नाही. माझ्याशिवाय त्या ऑफिसात कुणाला देवनागरी वाचता येत नव्हतं, म्हणजे माझ्याशिवाय ही लबाडी कुणालाच सापडली नसती. मिस लिमना मी रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, "वाह, लाइक दॅट ऑल्सो कॅन टेल आह?" म्हणाल्या, म्हणजे एवढ्यावरूनही ओळखता येतं का, आणि मी दिवसभर त्या वाक्यावर खूश होते.

आमच्या फॉर्मवर शेवटी तीन चौकोन असतात. मान्य, अमान्य, आणि स्थानिक पातळीवर खातरजमा करावी. अमान्यवर खूण करायला माझा हात धजला नाही. झरा होता ना मध्ये. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. मला ते सभ्यपणाचं वाटलं. कुणाला चोर म्हणायचं नाही, फक्त विचारून घ्यायचं.

पण विचारायचं कुणाला? तो नियम माझाच होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी तो लिहून मंजूर करून घेतला होता. बँकेत शिकलेली गोष्ट: ज्याच्यावर शंका आहे त्याला विचारायचं नाही, अधिकाऱ्याला विचारायचं. आमचे पैसे पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेमार्फत जात. तिला मी कळवलं की सर्व सह्या एकाच व्यक्तीने केल्यासारख्या दिसतात, खातरजमा व्हावी. तिने नियमाप्रमाणे ते पत्र, सह्यांच्या प्रतीसह, गावच्या पंचायतीला पाठवलं. पंचायतीत सरपंच बसत होते. खाण सरपंचांच्या मेव्हण्याची होती.

ही एवढी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. माहीत करून घ्यायला मी विचारलंही नव्हतं, आणि संशयी माणसाने हे विचारू नये याचं मला अजून नवल वाटतं. मी सावल्या तपासल्या, पानं तपासली, शाई तपासली. पंचायतीचा शिक्का तेवढा मला आपोआप खरा वाटला.

फोन आला तेव्हा मी जुरोंग ईस्टच्याच हॉकर सेंटरमध्ये एकटी जेवत होते. पंखे नुसता धूर इकडून तिकडे ढकलत होते. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबर, भारतातला. मी असे फोन घेत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

"वासंतीबाई का? नमस्कार. मी गुरव बोलतेय. पत्राच्या खाली तुमचा नंबर होता."

मी जेवत्या हाताने मास्क वर ओढला, कशाला कोण जाणे.

"काल ग्रामसभेत तुमचं पत्र वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता; वर्गात धडा सांगतात तसा होता. "सरपंचांनी माईकवर वाचलं. म्हणाले, बघा, शिंगापूरच्या लोकांनीसुद्धा ओळखलं की सह्या खोट्या हायेत. ठराव बाजूला ठेवलाय. आता तालुक्याचा साहेब येणार चौकशीला."

"पण बाई, सह्या एका हातच्या दिसतात," मी म्हटलं. मला अजून माझ्या शोधाचा अभिमान होता. "रेघासुद्धा उलट्या ओढलेल्या आहेत. डावखुऱ्या माणसाने लिहिलंय ते."

"मी डावखुरी हाय," गुरवबाई म्हणाल्या.

मला क्षणभर वाटलं, कबुली मिळाली.

"मी फळ्यावर कशी लिहिते ते बघून त्या लिहायला शिकल्या. पाटीवर मी नाव काढून द्यायची, त्या गिरवायच्या. दोन वर्षं गिरवलंय. दुसऱ्या कुणाचं अक्षर त्यांनी बघितलंय कुठं? हात त्यांचा हाय, वळण माझं हाय. त्यात लबाडी काय झाली?"

ते उत्तर मला पटलं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की उत्तर फारच चपखल आहे, आधीपासून तयार ठेवलेलं असणार. मी म्हटलं, बायका लिहिताहेत असा व्हिडिओ पाठवा, मध्ये कुठे न तोडता. मग त्या म्हणाल्या, "त्यांतली सगळ्यांत धाकटी अडतीस वर्षांची हाय, बाई. परीक्षा घ्यायची म्हणता?" आणि फोन ठेवला.

व्हिडिओ मात्र आला. दुसऱ्या दिवशी घरी जाताना एमआरटीत मी तो बघितला. बोना व्हिस्ताला गाडी बदलायची असते, ते स्टेशन निघून गेलं. एक पत्र्याची खोली, सतरंजी, बायका पाट्या घेऊन बसलेल्या. आधी मी भिंतीवरची सावली बघितली, मध्ये कुठे उडी मारते का. मारत नव्हती. मग मी बायकांकडे बघितलं. एकीने लिहिताना ओठ दाताखाली धरला होता. एक प्रत्येक अक्षराआधी पाटी पदराने पुसत होती. नाव लिहून झालं की प्रत्येक जण हात उचलून उजव्या टोकाला नेई आणि तिथून रेघ डावीकडे ओढत आणी, सावकाश, जपून. शेवटी त्या नावाकडे अशा बघत होत्या की मला फोन खाली ठेवावा लागला.

माझी स्वतःची सही कशी झाली ते मला त्या गाडीत आठवलं. अकरावीत बँकेत खातं काढायचं होतं म्हणून बाबांनी मला कागदावर सही करून दाखवली होती. आडनाव तेच, म्हणून मी त्यांच्या सहीची नक्कल करून माझं नाव त्यात बसवलं. शेवटची गाठ अजून त्यांचीच आहे. लग्नानंतर आडनाव बदललं, देश बदलला, लिपी बदलली, ती गाठ नाही बदलली. कुणी कधी मला विचारलं नाही की ही सही तुमची आहे की तुमच्या वडिलांची. मला कुणी का विचारलं नाही, याचं उत्तर सोपं आहे आणि ते मला आवडत नाही.

पत्र मागे घ्यायला मी दुसऱ्या सकाळी मिस लिमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ओके, बट वेट फॉर कमिटी लाह. नो नीड टू रश." पुण्याच्या संस्थेला मी स्वतः मेल लिहिला, तिथून उत्तर आलं की फाउंडेशनचं अधिकृत पत्र लागेल. अधिकृत पत्रावर मिस लिमची सही लागत होती, आणि कमिटीशिवाय त्या सही करत नव्हत्या. माझी सही त्यावर चालत नव्हती. मी दोन आठवडे रोज त्यांच्या काचेच्या दाराशी जाऊन उभी राहत होते आणि रोज तालुक्याच्या साहेबाची गाडी मला त्या गावाच्या चढावर दिसत होती.

आज इतक्या वर्षांनी मी तिसऱ्या चौकोनाचा नियम बदलून घेतलाय. आता खातरजमा आधी अर्जदाराकडे जाते. नवरा म्हणाला, चला, सुधारलीस. नाही सुधारले. काल एका अर्जात शाळेच्या मुलांची चित्रं जोडली होती, सगळ्यांनी एकाच प्रकारचा सूर्य काढलेला. माझ्या मनात पाल चुकचुकलीच. फरक इतकाच की हल्ली ती चुकचुकली की मी तिच्याकडेही जरा संशयाने बघते.

त्या वर्षी अधिकृत पत्र निघालं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुरवबाईंनी नवे कागद पाठवले, पुण्याच्या संस्थेमार्फत, शिक्क्यांसकट. साहेब आले होते. त्यांनी ग्रामसभा पुन्हा घेतली. सह्यांवर हरकत आलेली असल्यामुळे प्रत्येकीने नावासमोर अंगठा उठवायचा असं त्यांनी ठरवलं, कारण अंगठ्यात शंकेला जागा नसते. पानावर तीस जांभळे अंगठे होते. नावं साहेबांच्या कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिली होती, सगळ्यांची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे. ठराव मंजूर झाला होता. खाण थांबली होती.

मिस लिमनी पान उजेडाकडे धरलं. "सी, ऑल डिफरंट. व्हेरी क्लीन." कमिटीने दहा मिनिटांत अनुदान मंजूर केलं. दोन शिक्षिका, पत्रे, चष्मे, सगळं. त्या दिवशी धूरही जरा उतरला होता, लोक मास्क खाली करून मॉलबाहेर उभे होते, आणि मला मात्र घरी जाऊन दार लावून बसावंसं वाटत होतं.

मी गुरवबाईंना फोन केला. अनुदान मिळाल्याचं सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

"झरा वाचला ना बाई," मी म्हटलं. मला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"वाचला. अंगठे दिले म्हणून वाचला." मग त्या म्हणाल्या, "पैसे येतील ते येऊ देत. पण वर्गाला कोण येईना झालंय. परवा मी नि तिघी होतो. बायका म्हणतात, शेवटी अंगठाच लागतो, तर दोन वर्षं पाटी कशापायी गिरवली? मी काय सांगू त्यांना? पत्र तुमचं होतं. तुम्हीच सांगा."

असं मी त्या बायकांशी बोलायचं ठरलं. रविवारी दुपारी, व्हिडिओ कॉलवर, जेवणाच्या टेबलाशी बसून. नवरा बातम्या बंद करून आत गेला. लेकीने फोन पाण्याच्या जगला टेकवून दिला आणि तीही गेली. पडद्यावर तीच पत्र्याची खोली. गुरवबाईंनी घरोघर जाऊन बोलावल्या म्हणून आठ-दहा जणी आल्या होत्या, भिंतीला टेकून, लांब. मी तयारी केलेली सगळी वाक्यं विसरले. म्हटलं, चूक माझी झाली. तुमच्या सह्या खऱ्या होत्या. मी नीट न बघता खोट्या म्हटलं. तुम्ही वर्ग सोडू नका.

मग पुढे एक बाई सरकली, साठीची, नाकात मोठी नथनी. गुरवबाई म्हणाल्या, या हौसाबाई.

हौसाबाईंनी फोन हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ धरला. "तुमी तीच बाई कशावरनं?"

"म्हणजे?"

"पत्र धाडलेली बाई. शिंगापूरची. बाईंनी आपली कोनतरी बोलायला बसिवली आसंल, आमास्नी परत वर्गाला आनाय." गुरवबाई मागून काही म्हणायला लागल्या, त्यांना हौसाबाईंनी हाताने थांबवलं.

मी उठून पर्समधून माझा आयसी आणला, इथलं ओळखपत्र, फोटो असलेलं, आणि कॅमेऱ्यासमोर धरला. हौसाबाईंनी तो बराच वेळ बघितला.

"ह्ये इंग्रजी हाय. आनि आसलं कार्ड कोनबी छापून आनंल."

बाकीच्या बायका आता भिंत सोडून पुढे आल्या होत्या. पडदा चेहऱ्यांनी भरला होता. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मला चांगली ओळखीची होती, फक्त ती कधी माझ्याकडे वळलेली नव्हती. माझ्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं. फाउंडेशनचं पत्र दाखवलं असतं तर त्यावर मिस लिमची सही होती.

"नाव काय म्हनलासा?"

"वासंती."

"लिवून दावा."

टेबलावर एक छापील अर्ज पडला होता, त्याची पाठ कोरी होती. मी पेन घेतलं. देवनागरीत स्वतःचं नाव मी किती वर्षांत लिहिलं नव्हतं ते मला पेन टेकवल्यावर कळलं. काना वाकडा गेला. अनुस्वार कुठेतरी भलतीकडे बसला. शिरोरेषा ओढताना मला कळत होतं की दहा बायका ती रेघ कुठून सुरू होते ते बघताहेत. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

त्यांनी फोन एकीकडून दुसरीकडे दिला. प्रत्येकीने बघितलं. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, कुणी हसलं नाही. शेवटी फोन हौसाबाईंकडे परत आला.

"लई अडखाळलासा," त्या म्हणाल्या. "सोताचं नाव आसं लिवत्यात व्हय? परत लिवा."

मी कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि पहिल्या नावाखाली परत लिहिलं.